मदत हवी आहे : हायवेच्या कामावरचं धोकादायक डायव्हर्जन, लेखी तक्रार कुणाकडे आणि कशी करायची?

नमस्कार मंडळी,

मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम आमच्या गावाशेजारी चालू आहे. काम व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाहतूक ज्या पद्धतीनं वळवलीय ती बघवत नाही. ‘काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा’ हा बोर्ड रस्ता जिथे वळतो बरोबर तिथेच लावलाय, म्हणजे वाचेपर्यंत गाडी वळणात शिरलेली. पुढे चुना फासलेले दगड आणि दोन काठ्यांना बांधलेली लाल-पांढरी पट्टी. पावसानं चुना धुऊन गेला की दगडही दिसत नाहीत. झेंडेवाला पोरगा अंधार पडला की घरी जातो, आणि ट्रक-लक्झरींचा खरा ओघ रात्रीचाच.

नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका खास अशा कामांसाठीच आहे. आगाऊ सूचना, वळण, प्रत्यक्ष काम आणि परत मूळ रस्त्याला लागणं, अशा टप्प्यांत कुठे काय लावायचं ते त्यात दिलंय.

शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलं. रस्त्याच्या बांधकाम-देखभालीचे निकष न पाळल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड. (तोही ‘पर्यंत’. असो.) कोर्टानं विचारात घ्यायच्या गोष्टींत एक अशी आहे, की रस्ता धोकादायक असल्याचं संबंधितांना माहीत होतं का, किंवा असायला हवं होतं का. मला हेच कामाचं वाटतं. आत्ता सगळं तोंडी चालतं. साइटवरचा इंजिनिअर ‘बघतो’ म्हणतो, विषय संपला. हातात पोच असेल तर उद्या ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय उरणार नाही.

तर ग्रामसभेचा ठराव यासाठी पुरेसा होईल का, की वेगळी नोटीस लागते? पत्र कार्यकारी अभियंत्याला, सल्लागाराला की जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना? माहिती अधिकारात मंजूर वाहतूक आराखडा आणि सुरक्षा तपासणीचे अहवाल कुणी मागवलेत का?

आणि एक, निविदांचं काम केलेल्यांसाठी. बॅरिकेड, ब्लिंकर, झेंडेवाले यांची रक्कम निविदेत वेगळी धरतात, की बाकीच्या दरात मुरवतात? मुरवत असतील तर काटछाट आधी तिथेच होणार, मग ठरावात तीही मागणी घालू.

कुणाकडे तयार मसुदा असेल तर इथे टाका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यायचाय.