मत घराचं की माझं? तुमच्या घरचा अनुभव सांगा

अमळनेर, वय ४६
२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. आमचे आबा ओट्यावर बसले होते. मुलगी पहिल्यांदा मत देऊन आली. आबांनी तिचं शाईचं बोट हातात धरलं, "कोणले दिधं वं माय?" ती म्हणाली, "आबा, ते नाही सांगायचं." आबा रात्री जेवले नाहीत. मत कोणाला गेलं याचा राग नव्हता. नातीने आपल्यापासून काही लपवलं, हे लागलं त्यांना.

आबांचं पहिलं मत १९६७ चं, बैलजोडीवर. तेव्हा २१ पूर्ण लागायचे, १८ ची अट १९८९ पासून आली. माझं पहिलं मत १९९८ च्या लोकसभेला. कोणाला द्यायचं ते आबांनी आदल्या रात्री सांगितलं आणि मी दिलं. दुसरं काही करता येतं असं मनातही आलं नव्हतं.

तुमच्या घरी काय घडलं ते लिहा. प्रचार नको.

शिंदखेडा, वय २४, सध्या पुण्यात परीक्षेची तयारी
पोरं मतदानाला येत नाहीत, असं सगळे म्हणतात. २० मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाला, मी रात्रीच्या एसटीने आलो, सकाळी रांगेत उभा राहिलो आणि संध्याकाळी परत निघालो. खोलीवरचे बाकी तिघे नाही आले. जाण्यायेण्याच्या पैशांत त्यांचे आठ दिवस मेसचे निघतात. फॉर्म ८ भरून नाव पुण्याला नेता येतं, पण गावच्या यादीतून नाव काढायला हात धजत नाही.

वडील सभा ऐकून ठरवतात. मी भरतीची जाहिरात कधी निघाली, परीक्षा किती वेळा पुढे ढकलली, निकाल कधी लागला हे वहीत लिहून ठेवतो. माझं मत त्या वहीवरून ठरतं.

रावेर, वय ३१, केळी
आजी वारली तेव्हा एक पुढारी दारावर बसायला आला होता. वडील वीस वर्षं त्यालाच मत देतात. मी भांडायचो, मयतीला आला म्हणून मत द्यायचं का? आम्हाला भाव पाहिजे, विमा वेळेवर पाहिजे.

मग वादळात निसवलेली, घड लागलेली बाग आडवी झाली. घड मातीत, खोडं मधोमध मोडलेली. मी अर्ज केला, फोटो टाकले, पंधरा दिवस पंचनाम्याला कोणी फिरकलं नाही. वडिलांनी त्या माणसाला फोन लावला, दुसऱ्या दिवशी तलाठी बांधावर. भरपाई मिळाली, पण मला ते अजून सलतं. फोन न लावता तलाठी यायला हवा होता. मी अशाच कारभारासाठी मत देतो. वडिलांचं मत त्या फोनसाठी असतं, आणि ते चुकीचं आहे असं आता मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

अक्कलकुवा तालुका, वय २७
आमच्या पाड्यावर मोठी माणसं बसून एकमत करतात. शहरात शिकताना मला ते मागासलेलं वाटायचं. पण वनहक्काचा दावा एकट्याने लढता येत नाही, तो पाडा मिळून लढतो. आमच्यासारख्यांच्या सुट्या मताला विचारतं कोण? मी बैठकीत बसते, माझं म्हणणं मांडते. आधी बायका दाराबाहेर असायच्या.

धुळे, वय ५५
जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५०० सुरू झाले. मुलगा म्हणाला, आई, हे मतं विकत घेणं आहे. त्याचं खरं असेलही. पण माझ्या एकटीच्या नावाने आलेला तो पहिला पैसा होता. सून मात्र म्हणाली, "आई, तुम्हाला काय वाटतं?" लग्नानंतर हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मला उत्तर देता येईना.

अमळनेर, वय ४६
आबांचं राहिलं. आठवड्याने त्यांनीच मुलीला हाक मारली. "कोणले ते नको सांगू. का बरं दिधं, तेवढं सांग." ती कॉलेजच्या बसपासून भरतीपर्यंत बोलत राहिली. मध्येच आबांनी मला बॅटरी आणायला सांगितली, लाईट गेले होते. ती थांबली नाही.