शब्दचर्चा : 'बेआनुस' – पिवळी चोच की शिंगे?

प्रश्न : मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांवर मराठीत एक लेख लिहितोय. तिथे नव्याने दाखल झालेल्या पोराला लॅटिनमध्ये 'बेआनुस' म्हणत. 'नवखा' लिहून काम भागतं, पण शब्दातली खोच जाते. काय वापरावं?

– शब्दाचं मूळ फ्रेंच 'बेक झोन', म्हणजे पिवळी चोच. घरट्यातल्या पिल्लाच्या चोचीच्या कडा पिवळ्या असतात, तीच ही. पॅरिसमध्ये अशा पोराकडून जुने विद्यार्थी मेजवानीचे पैसे उकळत. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाला 'बीजंट' म्हणायची रीत आहे, तोही याच शब्दाचा वंशज. आपल्याकडे 'ओठ पिळला तर दूध निघेल' म्हणतात, तीच कल्पना. मी तर सरळ 'पिवळचोच्या' लिहीन.

– पिवळचोच्या छान आहे, पण जर्मनीत अडाल. तिथे बेआनुसला शिंगं असत! पंधराव्या शतकाच्या अखेरच्या, हायडेलबर्गच्या विद्यार्थ्यांच्या एका संवादपुस्तिकेत सगळा सोहळा आहे. नवा पोरगा म्हणजे दुर्गंधी सुटलेलं जनावर. सोबती नाक दाबतात, त्याची शिंगं कापतात, सुळे पकडीने उपटतात, त्याच्याकडून पापांची खोटी कबुलीही घेतात. आणि शेवटी जेवणाचा खर्च त्याच्याच माथी. विधीचं नाव 'देपोझितिओ', म्हणजे उतरवून ठेवणे. बँकेतलं आपलं डिपॉझिट याच घरातलं.

– म्हणजे शिंगं मोडून माणसांत शिरायचं! आपल्याकडे उलटं. शिंगं मोडून वासरांत शिरतो तो थोराड माणूस. आणि 'शिंगं फुटली' म्हणतो ते शहरात दोन वर्षं शिकून उर्मट झालेल्याला. म्हणजे शिकल्यावर फुटतात.

– उर्मटपणाचा संबंध नाही इथे. ही शिंगं पशुपणाची. 'पुच्छविषाणहीन' आठवा : साहित्य, संगीत, कला नसलेला माणूस म्हणजे शेपूट आणि शिंगं नसलेला पशूच, असं ते सुभाषित. संस्कृत कवीने शिंगं वजा केली, जर्मन विद्यार्थ्यांनी ती टोपीला बांधून खरीच दाखवली. विचार एकच, आणि दोन्हीकडे न शिकलेल्याबद्दलची तुच्छताही तीच. मला तरी त्यात गंमत कमी आणि पंडिती माज जास्त दिसतो.

प्रश्नकर्ता : पण चोच पक्ष्याची, शिंगं बैलाची, सुळे रानडुकराचे. एकाच पोराला हे सगळं कसं?

– कारण जर्मनीत पोचेपर्यंत 'बेआनुस'मधली चोच कोणाला ऐकूच येत नव्हती. रूपक मेलं, नुसता आवाज उरला. मग त्या आवाजात नवा अर्थ भरला गेला. 'बेआनुस'च्या सहा लॅटिन अक्षरांपासून विद्यार्थ्यांनी सहा शब्दांचं वाक्यच केलं : 'बेआनुस म्हणजे विद्यार्थ्यांचं जीवन ठाऊक नसलेला प्राणी.' एकदा प्राणी म्हटल्यावर शिंगं यायला कितीसा वेळ!

– थोडक्यात रॅगिंग. एवढं काय त्यात?

– रॅगिंग लपून चालतं. हे उघड होतं, आणि काही विद्यापीठांत तर हा विधी झाल्याशिवाय नावनोंदणी पूर्ण होत नसे. जर्मनीतल्याच विटेनबर्गमध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथर स्वतः अशा प्रसंगी बोलला आहे. पुढे आयुष्यात सोसावे लागणारे टक्केटोणपे म्हणजेच हा विधी, असा अर्थ त्याने लावला आणि पोरांच्या डोक्यावर वाइन ओतली. जर्मनमध्ये तारुण्यातली मस्ती जिरली की 'शिंगं आपटून मोडली' असं अजून म्हणतात.

प्रश्नकर्ता : ठीक. पॅरिसच्या परिच्छेदात 'पिवळचोच्या' ठेवतो. हायडेलबर्गला मूळ 'बेआनुस'च राहू दे, आणि विधीला 'शिंगउतरवणी'. 'शिंगमोड' जास्त ठसकेबाज वाटत होतं, पण मूळ शब्दात मोडणं नाही, उतरवणं आहे.