पाचवीचे प्रगतिपत्रक आणि भाषेची अडचण

गुण कमी दिसताच मुलाला लगेच जाब विचारावा, या मताशी मी सहमत नाही. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी झालेली मुले पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जातात, आणि त्या वर्षी विज्ञानात घसरलेल्या गुणांमागे अनेकदा विषय नव्हे, तर भाषा असते. माझ्या मुलीबाबत हेच घडले: उत्तरपत्रिका घेऊन शेजारी बसल्यावर तिने बाष्पीभवन मराठीत अचूक समजावून सांगितले, मात्र प्रश्नातला इंग्रजी शब्दच तिला उमगला नव्हता. म्हणून आकड्यांआधी ‘कुठे अडलीस?’ एवढेच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. ते थांबणे मला फार जड गेले. शिक्षकांना भेटायला जाताना मी आता तिलाही सोबत नेते.