मदत हवी आहे: चिपळूणच्या घराचा विमा – भिंती धरल्यात, सामानाचं काय?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

आई-बाबा चिपळुणात, बाजारपेठेमागच्या आळीत राहतात, मी पुण्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पंख्याला पाणी लागलं होतं. भिंती टिकल्या, फ्रिज, गाद्या, कपाटं, मिक्सर सगळं चिखलात गेलं. तेव्हा विमा नव्हताच. पुढे बाबांनी कर्ज काढून वरचा मजला चढवला, तेव्हा बँकेने कर्जाबरोबर एक पॉलिसीही दिली. गणपतीत गेलो तेव्हा ती काढून वाचली. नाव 'भारत गृह रक्षा', विमा रक्कम १२ लाख, आणि शेड्यूलमध्ये (कशाकशाचा विमा आहे ते लिहिलेलं पान) फक्त 'होम बिल्डिंग', म्हणजे वास्तू. 'होम कंटेंट्स', म्हणजे घरातल्या सामानाच्या रकान्यात नुसती रेघ.

म्हणजे २०२१ सारखं पाणी परत आलं, तर जे खरोखर जातं त्याचे पैसे मिळणारच नाहीत, असंच ना?

ओळखीचा एजंट म्हणतो, बाजारभाव ६५ लाख आहे, तेवढ्याचा काढा. बँकेच्या कागदावर १२. यातला कुठला आकडा धरायचा? पुराचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं का? आईचा कोकम-आगळाचा घरगुती धंदा आहे, मे-जूनमध्ये खालची खोली बरण्यांनी भरलेली असते. तो माल सामानात येईल का? बाबांचं म्हणणं, 'तलाठी पंचनामा करतो, सरकार देतं काहीतरी, विमा कशाला?'

जाणकारांनी कृपया सांगा.

निवृत्त_सर्वेअर

बाबांपासून सुरुवात करतो. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. ती मदत ठरावीक दराने मिळते, नुकसान भरून देणं हा तिचा हेतूच नाही. विम्याच्या दाव्यासाठी नुकसान मोजायला कंपनीचा सर्वेअर येतो, तो वेगळा. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा, दाव्यात उपयोगी पडते.

तुमची पॉलिसी आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) १ एप्रिल २०२१ पासून सुरू केलेली प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. पूर, वादळ, भूकंप, दरड, आग, वीज हे सगळं मूळ कव्हरमध्येच आहे. पुरासाठी वेगळं काही घ्यायचं नाही.

६५ लाख विसरा. त्यात जमिनीची किंमत आहे, आणि जमीन वाहून गेली तरी तिचा विमा नसतो. घर आज नव्याने बांधायला काय लागेल तेवढीच विमा रक्कम. कार्पेट एरिया किती आहे?

वाशिष्ठीकाठ

दोन्ही मजले मिळून ११०० चौरस फूट. गवंडी हल्ली चौरस फुटाला २००० सांगतो.

निवृत्त_सर्वेअर

मग २२ लाख. बँकेचे १२ बहुधा कर्जाच्या रकमेवरून आलेत. बँका असं सर्रास करतात आणि ते मला कधीच पटलेलं नाही. त्यांचं कर्ज सुरक्षित होतं, तुमचं घर नाही.

जुन्या पॉलिसीत याचा मोठा फटका बसायचा. २२ लाखांचं घर ११ लाखांना धरलं असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीवर हातात २ च यायचे. भारत गृह रक्षामध्ये ही कपात नाही, ४ चे ४ मिळतात. पण १२ लाखांच्या वर एक रुपयाही नाही, आणि घर पुरतं कोसळलं तर ते कळतं. शिवाय कर्ज चालू असेपर्यंत वास्तूच्या दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते.

सामान: वास्तू आणि सामान दोन्ही कव्हर एकत्र घेतली, तर वास्तूच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, एवढं सामान यादीशिवाय आपोआप धरलं जातं. २२ लाखांवर ४ लाख ४० हजार. जास्त हवं असेल तर तपशील द्या. सोनं यात येत नाही, ते 'मौल्यवान सामान' म्हणून वेगळं घ्यायचं. रोख रक्कम कशातच नाही.

कोकमाच्या बरण्या विक्रीचा माल आहे, घरगुती सामान नव्हे. त्यासाठी छोट्या धंद्यांची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' असते. आणि घरात धंदा चालतो हे प्रस्तावात लिहाच. दाव्याच्या वेळी सर्वेअरला बरण्या दिसल्या की तो विचारणारच, मीही विचारायचो.

बदलापूरकर

आमच्या सोसायटीचा विमा आहे, मग फ्लॅटचा वेगळा कशाला, असं समजायचो. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा कळलं की सोसायटीची पॉलिसी इमारतीची. आतलं सामान ज्याचं त्याने बघायचं. चोरीचंही कोणी सांगाल का?

निवृत्त_सर्वेअर

पूर किंवा आगीनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरी भारत गृह रक्षामध्ये धरली जाते. लोक नातेवाइकांकडे गेलेले असतात आणि मागे घर उघडं, म्हणून ती सोय. एरवीची घरफोडी नाही, तिचं कव्हर वेगळं.

वाशिष्ठीकाठ

खूप आभार! आता बँकेची पॉलिसी वाढवून घेऊ की सामानाची दुसरी काढू?

निवृत्त_सर्वेअर

दोन्ही चालतं. मी आधी बँकेला लेखी विचारेन: वास्तू २२ लाख करून सामान जोडता का? एंडॉर्समेंट (चालू पॉलिसीतच बदल केल्याचा कागद) देत असतील तर उत्तम. टाळाटाळ केली तर फक्त सामानाची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडून घ्या. मात्र तिथे ते २० टक्के लागू नाहीत, यादी करावी लागेल. प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो तुमच्याकडे पुण्यात ठेवा. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्यापूर्वी फोटो, आणि कंपनीला लगेच फोन. ढिगारा हटवण्याचा खर्चही मिळतो, दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत.

वाशिष्ठीकाठ

आईला यादीला बसवलंय. आजीच्या पितळी घंगाळापाशी अडलोय. ते कशात धरायचं?

निवृत्त_सर्वेअर

वापरात असेल तर भांड्यांत, साध्या सामानात. पुरातन वस्तू म्हणून किंमत लावायची असेल तर मौल्यवान सामानात.