केस गळतात म्हणून लांब केसांच्या कुत्र्याला सरसकट मशीन मारणं मला चूक वाटतं. तुमचं मत?

रानवारा
ऋतू बदलायला लागला की घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात केसांचे पुंजके दिसायला लागतात आणि मग लोक वैतागून कुत्र्याला ग्रूमरकडे नेऊन अंगभर बारीक मशीन मारून आणतात. कारणं दोन सांगतात, गळती थांबेल आणि त्याला गार वाटेल. मला दोन्ही पटत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गळती थांबत नाही हो. हस्की, सामोयेड, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, कॉली, पॉमेरेनियन या सगळ्यांचा कोट दोन थरांचा असतो, वर लांब जरा राठ केस आणि आत मऊ दाट अंडरकोट. वर्षातून साधारण दोनदा हा अंडरकोट मोठ्या प्रमाणात सुटतो आणि त्याचा इशारा मुख्यतः दिवस लहानमोठा होण्यातून मिळतो, थंडी-उकाडा त्यानंतर येतो. म्हणून तर जी कुत्री दिवसरात्र घरात लाइटखाली असतात त्यांचे केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. मशीन मारलं तरी केसाचं मूळ जागेवरच आहे, सुटायचा तो केस सुटणारच, फक्त आता तो लांब न राहता बारीक टोचरा तुकडा होतो आणि सोफ्याच्या कापडात असा घुसतो की व्हॅक्यूमनेही निघत नाही.

आणि गार वाटण्याचं म्हणाल तर कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. नीट विंचरलेल्या कोटात हवा खेळते आणि ऊन थेट कातडीवर पडत नाही. सुटलेला अंडरकोट आत अडकून बसला की मात्र उकडतं, हे मान्य. पण मग तो अंडरकोट काढा ना, वरचे केस कशाला कापताय?

शेपूटवाला
ताई मनापासून लिहिलंय तुम्ही पण मी असहमत आहे. आमचा गोल्डन आहे आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही त्याचे केस बारीक करतो आणि ते दरवेळी परत येतात, थोडे कुरळे येतात पण येतात. त्याला पाण्याचं प्रचंड वेड, कुठे डबकं दिसलं की गेलाच. आधी व्हायचं काय की वरून सुकलेला दिसायचा पण कानाच्या मागे आणि मांडीपाशी आत ओल राहायची आणि एका रात्रीत लाल चट्टा, चिकट पाणी, तो चाटून चाटून आणखी मोठा करायचा. केस कमी केल्यापासून हा प्रकार जवळपास बंद झाला. तुम्ही सांगताय ते सगळं ज्याच्याकडे रोज विंचरायला वेळ आहे त्याच्यासाठी ठीक आहे, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो, मग कुत्रं ओलं आणि गुंतलेलं राहण्यापेक्षा बारीक केसांचं आणि कोरडं बरं नाही का?

रानवारा
@शेपूटवाला तो लाल चट्टा म्हणजे हॉट स्पॉट आणि त्याचं मूळ ओल हेच आहे, त्यावर वादच नाही. पण ओल राहते ती मेलेल्या अंडरकोटमुळे, तो पाणी धरून ठेवतो. पाण्यातून आल्यावर टॉवेलने नुसतं पुसून भागत नाही, थंड हवेचा ड्रायर कातडीपर्यंत पोचला पाहिजे. गोल्डनचे केस बहुतेक वेळा परत येतात हेही मानते. पण तुमचा अनुभव वाचून उद्या कुणी पॉमेरेनियनला किंवा हस्कीला मशीन मारलं तर तिथे ही खात्री नाही, आणि लोक जात बघून ठरवत नाहीत, शेजाऱ्याचं बघून ठरवतात.

हस्की_घरात
हे वरचं शेवटचं वाक्य मला लागू पडतं म्हणून लिहितोय. आमच्या हस्कीला ग्रूमरकडे नुसतं आंघोळीला सोडलं होतं, त्याने न विचारता पाठ आणि कमरेवरचे केस उतरवले. पाठीचे परत आले. कमरेच्या वरचा तळहाताएवढा भाग तसाच राहिला, गुळगुळीत, हळूहळू काळसर झालेला, बोट फिरवलं तर केसाचं टोकसुद्धा लागेना. व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) आधी थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली, ती नॉर्मल आली. मग सांगितलं की दाट अंडरकोटच्या जातींमध्ये हे होतं, केस वाढीच्या चक्रात बराच काळ विश्रांतीच्या टप्प्यात असतात आणि त्या वेळी मशीन फिरलं की परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्तही लागतं. औषध वगैरे काही नाही, वाट बघा म्हणाले. ते बिचारं उन्हात बसायचं तर तिथे कातडी लाल व्हायची म्हणून बाहेर नेताना अंगावर सुती कापड बांधायला लागायचो. गळती मात्र बाकीच्या अंगावरून जशीच्या तशी चालू होती. त्यामुळे माझं मत रानवारा यांच्या बाजूने, आणि कुत्र्याला कुणाच्याही हाती देताना "मशीन लावायचं नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगा, लिहूनच द्या.

जुनी_मैत्रीण
मी इथे दोघांशीही थोडी भांडणार आहे. माझी कॉली म्हातारी आहे, मागच्या पायांना संधिवात, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळताना कण्हते. तिला तासभर उभं करून विंचरायचं म्हणजे तिचा छळ. मांडीच्या मागच्या लांब केसांत लघवी आणि शी अडकायची, कातडी सोलवटायची. आम्ही शेपटीखालचा भाग, पोट, मांड्यांच्या आतली बाजू पूर्ण बारीक केली आणि बाकी अंगावरचेही केस बरेच कमी केले. परत नीट येतील न येतील, मला त्याची काळजी नाही, तिला आता दिसायचं कुणासाठी आहे? ती शांत झोपते एवढं मला पुरे. "दोन थरांच्या कुत्र्याला मशीन कधीच नाही" असं छातीठोक सांगितलं की माझ्यासारख्या लोकांना उगाच अपराधी वाटतं आणि काहीजण त्या भीतीने कुत्र्याला गुंत्यात तसंच ठेवतात, ते मला जास्त वाईट वाटतं.

रानवारा
@जुनी_मैत्रीण तुमचं अगदी बरोबर आहे आणि तुम्ही केलंत तेच मीही केलं असतं. माझा विरोध निरोगी कुत्र्याला केवळ फरशीवर केस पडतात म्हणून भादरण्याला आहे. शेपटीखाली, पोटावर, पंजांच्या गाद्यांमध्ये केस कमी ठेवणं तर तरण्या कुत्र्यालाही चांगलंच. दुखणं असेल, जखम असेल, सोनोग्राफी असेल तिथे केसांचा विचार करायचाच नसतो.

पांढरी_लोकर
सगळी चर्चा खूप गळणाऱ्या केसांवरच चाललीय. आमची शिह त्झू आहे, तिचे केस फारसे गळतच नाहीत, माल्टीज, यॉर्की, पूडल यांचंही तसंच, केस वाढतच राहतात. त्यांना नियमित कापणं हीच काळजी आहे. लोक हे वाचून शिह त्झूचे केसही कापायचे नाहीत असं समजतील म्हणून सांगितलं.

पण खरा त्रास मला तिच्या पिल्लूपणी झाला, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. साधारण वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणाचे केस येतात आणि जुने सुटलेले केस खाली न पडता नव्या केसांत अडकतात. सकाळी विंचरलेलं कुत्रं संध्याकाळी गुंतलेलं. कानामागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली तर हमखास. तेव्हा मी केस अगदी लहान करून टाकले आणि मला तेच योग्य वाटतं, महिनोन्‌महिने रोज ओढाताण करून तिला ब्रशची भीती बसली असती तर पुढची सगळी वर्षं कठीण गेली असती.

कात्री_कंगवा
ग्रूमिंगचं काम करतो, दोन्ही बाजूंचे लोक रोज भेटतात. निम्मी माणसं ज्याला "रोज विंचरतो" म्हणतात ते वरवर ब्रश फिरवणं असतं. वरून कुत्रं चकचकीत आणि आत हात घातला की कातडीला चिकटून नमद्यासारखा थर. अशा वेळी मालक म्हणतात मशीन नको, विंचरूनच काढा. मी नाही काढत. घट्ट जट कातडी सतत ओढत असते, खाली हवा लागत नाही, कधी कधी खाली जखमही असते, आणि ती विंचरून सोडवायची म्हणजे त्या जिवाला तासन्‌तास वेदना. तिथे क्लिपरच, म्हणजे केस कापायचं मशीन. घरी कात्रीने जट कापायला तर अजिबात जाऊ नका, कातडी जटेत वर ओढली गेलेली असते आणि कात्री सरळ तिच्यावर चालते, असे टाके घातलेले कुत्रे बघितलेत.

ती वेळ येऊ नये म्हणून काय, तर केस एका हाताने वर उचलून धरायचे, खालची कातडीची रेघ दिसली पाहिजे, तिथून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने) बाहेरच्या दिशेने विंचरायचं. मग पुढची रेघ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत, जिथे अडकला तिथे गुंता आहे, ब्रश खोटं बोलतो, कंगवा नाही. गळतीच्या दिवसांत लांब दातांचा अंडरकोट रेक, पण एकाच जागी घासत बसू नका, कातडी लाल होते. आणि ते ब्लेडवालं डीशेडिंगचं (सुटलेले केस काढायचं) हत्यार लोकांना फार आवडतं कारण ढीगभर केस निघतात. रोज वापरलं तर वरचे चांगले केसही तुटतात, पाठ कुरतडल्यासारखी दिसते. जपून वापरा.

आंघोळीआधी गुंता काढायचा, नंतर नाही. पाणी लागलं की गुंता आवळतो.

शेपूटवाला
@कात्री_कंगवा मग मला प्रामाणिकपणे सांगा, आठवड्यातून एकदाच वेळ मिळणाऱ्या माणसाने काय करायचं? कारण इथे सगळे "विंचरा" म्हणतात आणि माझा प्रश्न तिथेच राहतो.

निळीछत्री
मध्येच विचारते, आमच्या मुलाला कुत्र्याची ॲलर्जी निघाली, डॉक्टर गोळ्या देतायत, सासूबाई म्हणतायत आमच्या पॉमचे (पॉमेरेनियनचे) सगळे केस काढून टाका म्हणजे शिंका थांबतील. काढू का?

हस्की_घरात
@निळीछत्री नका काढू. ॲलर्जी केसाची नसते, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. केस काढले तरी कोंडा राहतोच. केस न गळणाऱ्या म्हणून मिरवल्या जाणाऱ्या जातींवरही २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तपासून बघितलं तर त्यांच्या केसांत ते प्रथिन कमी असल्याचं आढळलं नाही. झोपायच्या खोलीत कुत्र्याला न नेणं, अंथरुणं गरम पाण्यात धुणं, विंचरायचं काम मुलाने न करणं आणि तेही घराबाहेर करणं, याचा जास्त उपयोग. आणि पॉम म्हणजे मशीननंतर टक्कल राहू शकणाऱ्या जातींपैकी एक.

जुनी_मैत्रीण
एक राहिलंच, सगळी गळती ऋतूची नसते. कुत्री माजावर येऊन गेली किंवा व्याली की पुढच्या काही महिन्यांत ढिगाने केस जातात, ते परत येतात. पण दोन्ही कुशींवर सारखंच विरळ होत असेल, शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीगत दिसत असेल, सोबत सुस्ती आणि वजन वाढत असेल तर थायरॉइड. शेपटीच्या मुळाशीच खाजवत असेल तर आधी पिसवा बघा. ब्रशच्या चर्चेत हे दिवस वाया जातात.

कात्री_कंगवा
@शेपूटवाला आठवड्यातून एकदा जमतंय ना, मग तुमच्या गोल्डनला पुरेल, फक्त गळतीचे काही आठवडे सोडून. त्या काळात दोनदा ग्रूमरकडे न्या आणि केस न कापता ब्लोआउट मागा, म्हणजे आंघोळ आणि जोराच्या हवेने सुटलेला अंडरकोट उडवून काढणं. जे घरी दोन आठवडे गळत राहणार असतं त्यातलं बरंच तिथे एका बैठकीत निघतं. हवा गरम नको आणि पिंजऱ्यात ड्रायर लावून कुत्रं एकटं सोडत असतील तर तिथे देऊच नका, उष्माघाताने कुत्री गेली आहेत अशाने.

आणखी एक, नसबंदी झाली असेल तर गोल्डन, कॉकर, आयरिश सेटर यांचा कोट बऱ्याचदा लोकरीसारखा फुगतो आणि पटकन गुंततो. तुमच्याकडे तसं असेल तर तुमचा त्रास खरा आहे, बाकीच्यांच्या गोल्डनशी तुलना करू नका.

शेपूटवाला
हो, नसबंदी झालीय आणि त्यानंतरच सगळं सुरू झालं. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ब्लोआउट या वेळी नक्की करून बघतो. पण पोट आणि मांड्या मी बारीकच ठेवणार, आणि पाण्याच्या दिवसांत अंगावरचेही थोडे कमी करणार, त्यावर माझं मत बदललेलं नाही ताई.

रानवारा
पोट-मांड्यांना माझी हरकत कधीच नव्हती. पाठीबद्दल मात्र मी ठाम आहे, ऊन तिथेच पडतं. कमी करायचेच असतील तर कात्रीने टोकं घ्या, निदान इंचभर तरी राहू द्या.

कात्री_कंगवा
इंचभर ठीक. आणि कापायच्या आधी ब्लोआउट करा, नंतर नाही. अंडरकोट निघाल्यावर कुत्रं निम्म्याने बारीक दिसतं, बऱ्याच जणांना मग कापायची गरजच वाटत नाही. तेव्हा बघून ठरवा.