स्विमसूट पाण्याबाहेरही शोभावा, तर तो बेतावा कसा?

सुईदोरा यांचा प्रश्न

पोहून झाल्यावर वरून स्कर्ट किंवा सैल पॅन्ट चढवली की जेवणाच्या टेबलावरही नीटस टॉपसारखा दिसेल, असा स्त्रियांचा वनपीस स्विमसूट मी बेतत आहे. अंगासाठी ८० टक्के नायलॉन व २० टक्के इलॅस्टेनचे (ताणून सोडले की पुन्हा आखडणाऱ्या धाग्याचे) कापड घेतले आणि गळ्याभोवती व्हिस्कोसची दुहेरी, चुणीदार झालर लावली. कोरडी असताना झालर फारच देखणी दिसत होती. परंतु पाण्यातून बाहेर येताच ती ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली, तिच्या वजनाने गळा चार बोटे खाली ओढला गेला आणि तासाभरानंतरही तिच्यातून पाणी ठिबकत होते. नाजूकपणा न गमावता यातून मार्ग कसा काढावा?

उभाआडवा यांचे उत्तर

दोष झालरीचा नाही, तिच्या कापडाचा आणि कापाचा आहे. व्हिस्कोस पाणी भरपूर शोषते, शिवाय ओले झाल्यावर त्याचा धागा दुबळा होतो. झालर अंगाच्याच कापडाची आणि एकेरी ठेवा, व ती चुण्या घालून न शिवता मध्ये भोक असलेल्या गोल चकतीसारखी कापा. आतला घेर गळ्याइतकाच राहतो, त्यामुळे शिवणीत चुण्यांचा जाडसर थर जमत नाही. लाटा उमटतात त्या बाहेरच्या कडेला. हे कापड उसवत नसल्याने ती कड दुमडावीही लागत नाही, आणि दुमडच नसेल तर पाणी साठणार कुठे? झालर छातीच्या मध्यावरून काढून खांद्याकडे न्या. तेथे तिचे वजन खांदा पेलतो. गळ्याचे इलॅस्टिक कडेच्या मापापेक्षा किंचित कमी घेऊन झिगझॅग टाक्याने बसवा, कारण साधा सरळ टाका कापड ताणले की तुटतो.

ओलाकोरडा यांचे उत्तर

वरील सल्ला योग्य आहे, मात्र मी झालरीवर एवढा भर दिला नसता. माझ्या मते पुढच्या भागावर बाजूच्या शिवणीतून काढलेल्या आडव्या चुण्या अधिक उपयोगी पडतात. इलॅस्टेनचा धागा १९५८ साली तयार झाला. त्याआधीही रबरी धाग्याच्या कापडावर अशा चुण्या घालून स्विमसूट शिवले जात, आणि ते आजही पोशाखासारखेच भासतात. चुण्यांमुळे पोटावरचा ताण डोळ्यांना जाणवत नाही आणि लोंबण्यासारखे काही उरत नाही.

खरी अडचण मला निराळ्याच जागी दिसते. ओल्या स्विमसूटवर स्कर्ट नेसून खुर्चीवर बसले की मागे ओला डाग उमटतो, आणि मग वरचा भाग कितीही सुंदर असला तरी सारा डौल जातो. म्हणून वरून कमरेभोवती गुंडाळायचा रॅप स्कर्टही याच आराखड्यात धरावा. नेहमीच्या हवेत नायलॉन वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा धरते, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, तेव्हा स्कर्ट पातळ, नक्षीदार पॉलिएस्टरचा असावा, कारण एकरंगी कापडावर डाग चटकन दिसतो. अंगाचा रंग फिका असेल तर पुढून-मागून पूर्ण अस्तर द्यावे आणि नमुना भिजवून उजेडात पाहावा. बंदांना धातूच्या कड्या लावू नयेत; उन्हात त्या चटका देतात.

सुईदोरा

दोघांचेही आभार. काल एकेरी, गोल कापाची झालर खांद्यावर लावून नमुना बादलीत बुडवून पाहिला. बाहेर काढून दोनदा झटकताच तिच्या लाटा पुन्हा उभ्या राहिल्या. गळा अजून अर्धे बोट उतरतो, तेवढे इलॅस्टिक आणखी आखूड करावे की आतून अस्तराची पट्टी द्यावी?

उभाआडवा

पट्टी द्यावी. इलॅस्टिक जास्त आवळले तर कोरड्या अंगावर गळ्याच्या कडेला वळ उठतील, आणि टॉप म्हणून घालताना तेच आधी दिसेल.