सादी कार्नो एकच की दोन?

प्रश्न: मी नाशिकला मेकॅनिकल सेकंड इयरला आहे, थर्मोसाठी (थर्मोडायनॅमिक्स, उष्णतेचं शास्त्र) कार्नो सायकल, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या आदर्श इंजिनाचं चक्र, करतोय. काल कॉलेज रोडला चहा पिताना मित्र म्हणाला सादी कार्नो तर फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष होता, त्याचा खून झाला. हा तोच का?

गोदाकाठ: नाही रे, दोन वेगळे. तुझा इंजिनवाला १७९६ चा, १८२४ ला पुस्तक काढलं आणि १८३२ ला कॉलऱ्याने गेला, फक्त ३६ वर्षांचा, आणि साथीच्या भीतीने त्याचे बरेच कागदपण जाळले, वाचून खूप वाईट वाटलं होतं मला. राष्ट्राध्यक्ष म्हणजे त्याचा पुतण्या, १८८७ पासून, १८९४ ला लियाँ शहरात त्याला भोसकलं.

पंचवटीकर: लाझारला विसरू नका! इंजिनवाल्याचे वडील, गणितातले मोठे, राज्यक्रांतीच्या युद्धात फ्रान्सचं सैन्य त्यांनीच उभं केलं. शिराझचा फारसी कवी सादी त्यांना फार आवडायचा म्हणून मुलाचं नाव सादी, आणि पुढे नातवालाही तेच.

प्रश्नकर्ता: म्हणजे पुतण्याला काकाचं नाव, आपल्याकडे ठेवतात तसंच. थँक्यू दोघांना, आमच्या वर्गात सगळे कार्नॉट म्हणतात, उद्या सांगतो शेवटचा टी उच्चारत नाहीत.